बारदान वजा जाता

“वरील आकडे मी स्वतः मोजले असून ते बरोबर आहेत.”

गेली अठरा वर्षं मी हे वाक्य टाइप करतो, त्याखाली सही करतो आणि संस्थेचा गोल शिक्का मारतो. आजवर अशी एकशे अडतीस प्रमाणपत्रं माझ्या हातून गेली. त्यातलं एकशे एकतिसावं चुकलं. आकडा बरोबर होता, वजाबाकी बरोबर होती, शिक्काही सरळ उमटला होता, आणि तरी प्रमाणपत्र चुकलं. ते कसं, हे सांगायचं आहे. पण त्याआधी मी नेमकं काय काम करतो ते सांगायला हवं, कारण आमच्या खारघरच्या सोसायटीतही ते कुणाला ठाऊक नाही. सेक्रेटरी मला ‘लायब्ररीवाले जाधव’ म्हणतात आणि दर मे महिन्यात नातवासाठी गोष्टींची पुस्तकं मागतात.

मी नवी मुंबईतल्या एका विज्ञान संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे, हे खरं. पण पुस्तकं देण्याघेण्याचं काम दुसऱ्या माणसाकडे आहे. मी संशोधकांचं वजन करतो.

संशोधकाला काही नवं सापडलं की तो शोधनिबंध लिहितो आणि तो एखाद्या नियतकालिकात छापून येतो. पुढे त्याच विषयावर दुसरा कुणी लिहितो तेव्हा ‘हे आधी अमक्याने दाखवलं आहे’ असं म्हणून त्या निबंधाचा उल्लेख करतो. ह्या उल्लेखाला आम्ही संदर्भ म्हणतो. कुणाच्या निबंधाला किती संदर्भ मिळाले, ह्यावर हल्ली नोकरी ठरते, बढती ठरते, परदेशवारी ठरते. हे योग्य आहे का, असं मला विचारू नका. काट्यावर बसणाऱ्याने मालाच्या चवीबद्दल बोलू नये.

नुसती बेरीज फसवी असते. एकाच निबंधाला पाचशे संदर्भ आणि बाकीच्यांना शून्य, असंही असतं. म्हणून एच-निर्देशांक नावाचा एक आकडा काढतात. तो काढायला पाचवीतल्या मुलालाही जमेल. ज्याला सगळ्यात जास्त संदर्भ तो निबंध वर, अशा उतरत्या क्रमाने यादी लिहायची आणि वरून खाली यायचं. दहाव्या निबंधाला निदान दहा संदर्भ आहेत का? आहेत. पुढे चला. विसाव्याला निदान वीस? आहेत. एकविसाव्याला एकोणीसच? मग थांबा. ह्या माणसाचा निर्देशांक वीस.

संगणक हे एका क्षणात करतो, मग तुमचा उपयोग काय, असं आमच्या हिशेबनिसांनी मला एकदा विचारलं होतं. उपयोग असा की ‘एस. पाटील’ नावाचे निदान चौदा संशोधक आहेत हे संगणकाला माहीत नसतं. मी दोन वेगवेगळ्या संदर्भसूचींमधून यादी काढतो, कागदावर उतरवतो आणि प्रत्येक संदर्भाचं मूळ वाक्य उघडून वाचतो. एका प्रमाणपत्राला आठ-नऊ दिवस लागतात. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

ह्यात एक महत्त्वाची वजाबाकी असते. माणूस स्वतःच्या नव्या निबंधात स्वतःच्याच जुन्या निबंधाचा उल्लेख करतो. त्यात गैर काही नाही, पण तो आपला आपल्यालाच दिलेला संदर्भ, म्हणून तो मोजायचा नाही. ही गोष्ट मी माझ्या थोरल्या भावाला समजावून सांगितली तेव्हा त्याला दोन मिनिटं पुरली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. दादा मुंबईला आला तो मार्केटमध्ये हमाल म्हणून, आणि पुढे वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा बाजारात मापाडी झाला. मापाडी म्हणजे मालाचं वजन करणारा. कांदा गोणीसकट काट्यावर चढतो, मग रिकाम्या गोणीचं, म्हणजे बारदानाचं वजन त्यातून वजा करायचं असतं. माझं सगळं ऐकून दादा म्हणाला, “म्हंजे तू बी बारदानच कापतोस की. मग एवढं शिकून काय केलंस?”

गिऱ्हाइकं मला तऱ्हेतऱ्हेची भेटली. एक प्राध्यापक पेढे घेऊन आले आणि खुर्ची जवळ ओढून म्हणाले, “जाधव, जरा बघा की, अकराचे बारा होतायत का. एकच तर हवाय.” मी म्हणालो, “सर, हे पेढे चुकीच्या माणसाला देताय. कुणीतरी तुमचा निबंध वाचायला हवा, त्याला द्या.” पेढे त्यांनी परत नेले नाहीत, तेवढा त्यांचा मोठेपणा.

दुसरं एक प्रकरण पाच कॉलेजांतल्या पाच मित्रांचं. त्यांच्या संदर्भांचा तक्ता मांडला आणि मला हसू आलं. पहिल्या वर्षी चौघांनी मिळून एकाला भरभरून संदर्भ दिले होते, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याला, तिसऱ्या वर्षी तिसऱ्याला. बायका भिशी लावतात तशी भिशी होती ती. मी प्रमाणपत्र दिलं, पण सोबत तो तक्ताही जोडला. चौथ्याचा नंबर आला नाही म्हणे.

आणि एका गृहस्थांचा एक निबंध तर संदर्भांनी ओसंडून वाहत होता. मी वाक्यं वाचत गेलो तेव्हा कळलं की जवळजवळ प्रत्येक जण ‘ही चूक टाळावी’ म्हणून त्याचा उल्लेख करत होता. नियमाप्रमाणे तेही संदर्भच. मी मोजले. त्यांना बढती मिळाली.

अशा कामात माणूस हळूहळू स्वतःवर खूश व्हायला लागतो. माझा आकडा कुणी खोडून काढला नव्हता. मोठमोठे शास्त्रज्ञ माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात बोलायचे. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

आता भोईर मॅडमविषयी. डॉ. भोईर आमच्याकडे रासायनिक भौतिकीचं संशोधन करतात. नाव ऐकून बिचकायचं कारण नाही. रसायनवाला विचारतो, ह्यात ते मिसळलं तर काय तयार होईल. मॅडम विचारतात, ते तयार होत असताना रेणू काय करत असतात, कुठे अडखळतात, किती वेळ थांबतात. त्या इथल्याच, उरणच्या बाजूच्या गावच्या. वडील मिठागरात कामाला होते. मॅडमचा गाजलेला शोधही मिठाचाच. खाऱ्या पाण्यातून मिठाचा पहिला कण धरण्याच्या जरा आधी त्याच्या भोवतालचं पाणी मंदावतं, असं त्यांनी मोजून दाखवलं. हा शोध सुचला कसा, असं एकदा एका पाहुण्या शास्त्रज्ञाने विचारलं तेव्हा मी हजर होतो. मॅडम म्हणाल्या, “बाबा मिठागरात अनवाणी फिरायचे. तळव्याला पाणी चिकट लागलं की म्हणायचे, ‘आता दोन दिसान मीठ धरनार.’ मी तेच मोजलं. तळव्याच्या जागी लेसर वापरला, एवढंच.”

गेल्या वर्षी आमच्या संस्थेत वरिष्ठ प्राध्यापकाची एक जागा निघाली. मॅडमना निवृत्तीला सहा वर्षं होती. अशी जागा त्यांच्या विषयात पुन्हा निघण्याची शक्यता नव्हती. अट होती, ‘स्वतःचे संदर्भ वगळून एच-निर्देशांक किमान वीस’. तीन अर्ज आले. दोन बाहेरच्या संस्थांमधले, एक मॅडमचा. बाहेरच्यांनी आपापल्या संस्थेचं प्रमाणपत्र जोडलं. मॅडमचं मी केलं. एकसष्ट निबंध, एकूण संदर्भ एक हजार नऊशे सेहेचाळीस. वजाबाकी केली. निर्देशांक आला एकोणीस. मी दोनदा मोजला, दोन्ही वेळा एकोणीस. वाईट वाटलं, पण सही केली.

पंधरा दिवसांनी मॅडम ग्रंथालयात आल्या. हातात पत्र होतं: किमान पात्रता पूर्ण होत नसल्याने मुलाखतीस बोलावता येत नाही. मुलाखती बारा दिवसांवर होत्या.

मला वाटलं आता आवाज चढणार. त्या शांतपणे समोर बसल्या आणि म्हणाल्या, “जाधव, मोजणी दाखवा.”

मोजणी दाखवायला मी कधीच लाजत नाही. जाड फाइल काढली. वजा केलेला प्रत्येक संदर्भ लाल पेन्सिलीने खुणावलेला होता. मॅडमनी पानं उलटली. त्यांच्या स्वतःच्या निबंधांमधले दोनशे बारा संदर्भ मी वजा केले होते, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या तीनशे एक संदर्भांपाशी बोट थांबलं.

“हे माझ्या निबंधातले नाहीत. हे का वजा?”

“सहलेखकांचे आहेत, मॅडम. मूळ निबंधावर तुमच्याबरोबर ज्यांचं नाव आहे, त्यांनी पुढे वेगळं लिहिलं तरी तो घरचाच संदर्भ धरायचा.”

“ह्यातले निखिलचे किती?”

निखिल हा त्यांचा जुना विद्यार्थी. नऊ वर्षांपूर्वी भांडून गेला तो परदेशात गेला, आता तिकडे त्याची स्वतःची प्रयोगशाळा आहे. मी बेरीज केली. “सत्त्याऐंशी.”

“तुम्ही म्हणे प्रत्येक वाक्य वाचता.”

“वाचतो.”

“मग त्यातलं कुठलंही एक मोठ्याने वाचा.”

मी वाचलं, मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘भोईर यांनी नोंदवलेलं मंदावणं हा उपकरणाचा दोष असण्याची शक्यता आहे.’

“आणखी एक.”

‘भोईर यांच्या निष्कर्षाला आमच्या मोजमापात आधार मिळत नाही.’

“अजून एक वाचा.”

“मॅडम, आलं लक्षात.”

“नाही आलं. तो पोरगा नऊ वर्षं माझं डोकं फोडतोय. जगभर सांगत फिरतोय की बाई चुकली. आणि तुमचं प्रमाणपत्र म्हणतंय की ही मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतली!”

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. मी सावरून म्हणालो, “नियम आहे, मॅडम. निंदा की स्तुती हे आपण बघत नाही.”

“बरं. नियम कुठे लिहिलाय?”

मी संस्थेचा नमुना काढला. त्यात ‘स्वतःचे संदर्भ वगळून’ एवढंच होतं. परिपत्रकं काढली. त्यातही तेवढंच. मग मी माझी पहिली वही काढली, नोकरीच्या पहिल्या वर्षाची. तिच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत होतं: सहलेखकांचे संदर्भही स्वतःचेच धरावेत. अक्षर माझं होतं. एका प्रशिक्षण वर्गात दोन पद्धती शिकवल्या होत्या, त्यातली जास्त कडक ती मी उचलली होती. कुणी सांगितलं नव्हतं. कडक म्हणजे चांगली, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मॅडमनी ते पान पाहिलं आणि उठल्या. चिडल्या की त्यांच्या बोलण्यात गाव डोकावतं. “मना सूट नको हाय, जाधव. पन तुमचा नियम तुमच्या वहीत, आन जागा गेली माझी.”

त्या गेल्यावर मी नेहमीप्रमाणे फाइलचे कोपरे जुळवले, पण ते जुळेनात.

रविवारी सकाळी मी कोपरखैरण्याला दादाकडे गेलो. दादा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. गॅलरीत पेपर अंथरून तो लसूण निवडत बसला होता. समोर बसून मी त्याला सगळं सांगितलं. बाजू माझीच मांडली, म्हणजे मी कसा एकही आकडा इकडचा तिकडे केला नाही, आणि बाई तशा चांगल्या असल्या तरी नियम तो नियम वगैरे.

“बारदान किती कापायचं, हे कुनी ठरवलं?” दादाने विचारलं.

“मीच. अठरा वर्षांपूर्वी.”

“ठीक हाय. तुझा काटा, तुझं बारदान. आन त्या बाकीच्या दोघांचं कुनी कापलं?”

“त्यांच्या त्यांच्या संस्थांनी.”

“किती कापलं?”

हा प्रश्न मला पडलाच नव्हता. अठरा वर्षं मी एकेका माणसाचं वजन करत आलो. दुसऱ्या काट्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

दादाचा हात लसणावर थांबला. “आरं सुऱ्या, मग तू काटा मारलास की.”

“दादा, काटा मारला म्हणू नकोस. मी एका ग्रॅमचीही लबाडी—”

“लबाडीनं मारला तर निदान मारनाऱ्याला ठावं असतंय! एकाच गाळ्यावर एकाची गोनी किलोनं कापली आन दुसऱ्याची अर्ध्या किलोनं, तर काटे दोन्ही खरे आन माप खोटं. मी एकदा जुनं जाड बारदान धरून कापत बसलो व्हतो, शेजारचा मापाडी पातळ धरत व्हता. दुपारी नाशिककडचा एक म्हातारा आला आन म्हनला, बाबा, माझा कांदा हितं वाळला का तिकडं फुगला? लाज वाटली मला. तवापास्नं रोज सकाळी आमी सगळे मापाडी आधी बारदान एक करायचो, मग काट्याला हात लावायचो.” मग पुन्हा लसूण घेत म्हणाला, “तुझ्या त्या बाईनं शिव्या दिल्या न्हाईत?”

“नाही.”

“दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं तुला.”

सोमवारी सकाळी मी संचालकांकडे गेलो आणि बाकीच्या दोघांची प्रमाणपत्रं पाहण्याची परवानगी मागितली. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, “काटे जुळवायचेत.” संचालक माणूस समजूतदार, त्यांना काही कळलं नाही, पण परवानगी दिली. पहिल्या उमेदवाराच्या प्रमाणपत्रावर तेवीस होता, दुसऱ्याच्या एकवीस. मी दोघांच्याही याद्या मुळापासून काढल्या. एरवी एकेकाला नऊ दिवस घेणाऱ्या मी ते दोन्ही मिळून चार दिवसांत केलं. जेवणाचा डबा टेबलावरच उघडायचो आणि पुष्कळदा न संपवता बंद करायचो. गुरुवारी संध्याकाळी निकाल हातात होता. त्यांच्या संस्थांनी लेखकाचे स्वतःचे संदर्भ तेवढे वजा केले होते. सहलेखकांना हातही लावला नव्हता. जाहिरातीत तसं करू नका म्हटलेलं नव्हतं, म्हणून त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

मग एका कागदावर मी तिघांची नावं लिहिली आणि दोन रकाने आखले. सैल काट्यावर भोईर मॅडम बावीस, बाकीचे तेवीस आणि एकवीस. तिघंही पात्र. माझ्या कडक काट्यावर मॅडम एकोणीस, बाकीचे अठरा आणि सतरा. तिघंही अपात्र. ज्या काट्यावर मॅडम सगळ्यांत जड भरत होत्या, त्याच काट्याने त्यांना एकटीला बाहेर काढलं होतं.

शुक्रवारी संचालकांनी तो कागद दोनदा वाचला.

“जाधव, तुमच्या पद्धतीने कुणीच पास नाही?”

“नाही, सर.”

“मग जागाच रद्द करावी लागेल.”

“माझी पद्धत धरली तर हो. पण ती जाहिरातीत नव्हती. माझ्या वहीत होती. तिघांनाही सैल पद्धत लावावी, अशी माझी शिफारस आहे.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमची? सैल?”

“मलाही पचायला जड जातंय, सर.”

“म्हणजे तुमचं प्रमाणपत्र चुकलं, असं म्हणताय. लेखी द्याल?”

ते पत्र मी टाइप करूनच नेलं होतं. पुढे ठेवलं. संचालकांनी ते वाचलं आणि आवाज खाली आणला. “बघा हं. हे एकदा फाइलला लागलं की जुने लोक येतील. अठरा वर्षांची प्रकरणं निघतील. उगाच टेन्शन कशाला घेता? मॅडमचं तेवढं ‘फेरमोजणी’ म्हणून करून टाकू.”

“लोकांनी काढण्याआधी मीच काढतो, सर. एकशे तीस जुनी आणि हे एक. मला महिनाभर द्या.”

घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिने पोळी लाटता लाटता एकच विचारलं, “शिक्का काढून घेतील का हो?”

“नाही. तो दुसऱ्या कुणाला नकोच असतो.”

मॅडमना मुलाखतीचं पत्र गेलं. मुलाखतीला बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने नेमकं निखिलवर बोट ठेवलं. तुमचाच विद्यार्थी तुम्हाला खोटं ठरवतो आहे, ह्यावर तुमचं काय म्हणणं? ही गोष्ट मला नंतर संचालकांनी सांगितली. मॅडम म्हणाल्या होत्या, “त्याचं उपकरण माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण अजून पुरेसं चांगलं नाही. होईल तेव्हा त्यालाही दिसेल.” निवड एकमताने झाली. मी अभिनंदन करायला गेलो तेव्हा मॅडमनी पेढा दिला आणि म्हणाल्या, “हा घ्यायला हरकत नाही. आता काही मागायचं राहिलेलं नाही.”

जुन्या प्रमाणपत्रांना महिना नव्हे, अडीच महिने लागले. फरकामुळे निकाल बदलला असता अशी सात निघाली. त्यातल्या सहा जणांचं काम पुढच्या एक-दोन वर्षांत झालेलं होतं. सातवे टिपणीस सर. त्यांना बढतीसाठी पंधरा लागत होते, मी चौदा दिले होते, आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. सैल मोजणीने सोळा होते. मी नवं प्रमाणपत्र घेऊन नेरूळला त्यांच्या घरी गेलो. सरांनी कागद खिडकीपाशी नेऊन वाचला.

“सोळा?”

“सोळा, सर. मी तेव्हा कडक मोजले होते. आणि तसं कागदावर लिहिलं नव्हतं.”

सरांनी खालची सही आणि शिक्का निरखून पाहिला. मग म्हणाले, “सहा वर्षं उशिरा आलात, जाधव.” आणि थोड्या वेळाने, “उभे का? बसा, चहा घ्या. शिक्का मात्र नेहमीसारखा ठसठशीत मारलाय तुम्ही.”

मी चहा घेतला. ह्यापलीकडे मला तिथे करता येण्यासारखं काही नव्हतं, आणि हे वाक्य लिहितानाही नाही.

आता माझ्या प्रमाणपत्रावर एका आकड्याच्या जागी तीन ओळी असतात. काहीही वजा न करता किती. लेखकाचे स्वतःचे वजा करून किती. आणि सहलेखकांचेही वजा करून किती. कुठला आकडा घ्यायचा ते समितीने ठरवावं, पण सगळ्यांना एकच घ्यावा, असंही खाली छापलेलं असतं. सुरुवातीला दोन समित्यांनी ‘हे फार लांबलं’ म्हणून परत पाठवलं. मी जसंच्या तसं पुन्हा पाठवलं. आता आणखी चार संस्था हाच नमुना वापरतात. त्यांनी तो माझ्याकडून घेतला, असं कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे मला संदर्भ नाही.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी आमच्या संशोधकांचे नवे संदर्भ तपासतो. यंदा जूनमध्ये भोईर मॅडमच्या यादीत एक नवा दिसला. निखिलचा निबंध. तिसरी ओळ डोक्यात असल्याने लाल पेन्सिल आधीच हातात आली होती. सवयीप्रमाणे वाक्य उघडलं. वाचलं. पेन्सिल खाली ठेवली आणि निबंधाची प्रत काढून दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो.

मॅडम पाठमोऱ्या होत्या. काचेच्या नळीतलं खारं पाणी किरणाच्या वाटेत बसवत होत्या. “बोला,” त्या न वळता म्हणाल्या.

“निखिलचा नवीन निबंध आलाय, मॅडम. तुमचा उल्लेख आहे.”

“ह्या वेळी काय? माझं उपकरण की माझी अक्कल?”

मी वाचलं: ‘नव्या उपकरणावर स्फटिक धरण्याआधीचं पाण्याचं मंदावणं आम्हाला स्पष्ट दिसलं. आमचे आधीचे आक्षेप आमच्या उपकरणाच्या मर्यादेमुळे होते. भोईर यांची मोजणी बरोबर होती.’

त्यांचा हात नळीवर होता तसाच राहिला. कोपऱ्यातला पंप तेवढा चालू होता. मग त्यांनी विचारलं, “हा वजा होनार ना?”

“दुसऱ्या ओळीत राहील. तिसऱ्या ओळीत वजा. सहलेखक आहे तुमचा.”

“मग करा वजा. नियम हाय.”

मी कागदाची घडी घातली आणि दाराकडे वळलो.

“जाधव.”

“मॅडम?”

“वजा करा. पन पयला अजून एकदा वाचा.”

मी घडी उघडली आणि वाचलं.